यंदाही विदर्भच!

५ ऑक्टोबर २०२५ला नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर शेष भारताचा दुसरा डाव २६७ धावांत आटोपला आणि विदर्भाने इराणी करंडक ९३ धावांनी जिंकला. विदर्भ आजवर तीनदा या सामन्यासाठी पात्र ठरला आणि तिन्ही वेळा करंडक घेऊनच बाहेर पडला. पहिल्या डावात अथर्व तायडेच्या १४३ आणि यश राठोडच्या ९१ धावा, शेष भारताला बांधून ठेवणारे यश ठाकूरचे चार बळी, शेवटच्या डावात हर्ष दुबेचे चार. या सामन्यात विदर्भाच्या अकरा जणांत करुण नायर नव्हता. तो कर्नाटकात परत गेला. म्हणून मला हा विजय मोठा वाटतो. नायर गेल्यावर त्याची जागा कोण घेणार, हा जो प्रश्न गेल्या मोसमानंतर आम्हा चाहत्यांना सतावत होता, त्याचे पहिले उत्तर जामठ्यात मिळाले. पूर्ण उत्तर आता रणजी देईल.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा रणजीचा मोसम सुरू झालेला असेल. १५ ऑक्टोबरला पहिला चेंडू पडतो, लक्ष्मीपूजन २१ला आहे. आमच्या सालेकसा तालुक्यात हे दिवस धानकापणीचे. हलका धान निघायला लागतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, आणि दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरू लागते. मंडईच्या रात्री नाटक, दिवसा कबड्डी, आणि धान निघून बांधी मोकळी झाली की टेनिस बॉलचे सामने. महाराष्ट्राच्या पूर्वेच्या टोकाचा हा तालुका. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे, पण इथून नागपूर रेल्वेने दीडशे किलोमीटरहून दूर. जामठा त्याच्याही पलीकडे. कोणी म्हणेल, एवढ्या लांबच्या संघाशी तुमचा काय संबंध? संबंध असा की रणजीच्या धावफलकावर आमच्या नावाचा दुसरा संघच नाही. इथल्या पानठेल्यावर आयपीएलच्या रात्री चेन्नई आणि मुंबईवरून वाद होतात, ते सामना संपताच विरतात. विदर्भाची हार मात्र दुसऱ्या दिवशीही जिभेवर राहते. १४ मार्च २०२४ची संध्याकाळ मला अजून बोचते. वानखेडेवर मुंबईने ५३८ धावांचे लक्ष्य दिले होते. विदर्भाने ३६८ पर्यंत झुंज दिली, कर्णधार अक्षय वाडकरने शतक ठोकले, हर्ष दुबेने ६५ काढल्या, तरी १६९ धावांनी हरलो. मुंबईचे ते ४२वे विजेतेपद होते. त्यांच्याकडे मोजायला ४२ करंडक आहेत. आपल्याकडे तेव्हा दोन होते.

ते दोन कसे आले, हे तरुण पोरांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. त्यांना विदर्भ आधीपासूनच बलाढ्य होता असे वाटते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. साठ वर्षे अंतिम फेरीचे तोंड पाहिले नव्हते. मोठ्या संघांनी यावे, गुण घेऊन जावे, असा तो काळ. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, कर्णधार फैज फजल, सोबतीला अनुभवी वसीम जाफर. आणि एक गोरागोमटा, फारसा वेगवान नसलेला मध्यमगती गोलंदाज: रजनीश गुरबानी.

माझ्या मते विदर्भाच्या क्रिकेटची दिशा बदलली ती अंतिम सामन्यात नव्हे, त्याआधी कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर. कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर बाद. कर्नाटकाच्या ३०१ धावा, त्यांत एकट्या करुण नायरच्या १५३. तिथेच बहुतेकांनी आशा सोडली. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य आले. चौथ्या दिवसअखेर ते ७ बाद १११. पाचव्या सकाळी तीन बळी हवे होते आणि ८७ धावा वाचवायच्या होत्या. विनयकुमार आणि अभिमन्यू मिथुन यांनी बॅट चालवायला सुरुवात केली, श्रेयस गोपाल एका बाजूला पाय रोवून उभा. धावा पन्नासच्या आत आल्या, वीसच्या आत आल्या, दहाच्या आत आल्या. गुरबानीने शेवटचा बळी घेतला तेव्हा कर्नाटक १९२ वर होते. पाच धावांनी विजय. डावात सात, सामन्यात बारा बळी. तोवर आपण चांगले खेळायचो आणि हरायचो. त्या सकाळी पहिल्यांदा हरता हरता जिंकलो.

इंदूरचा अंतिम सामना त्या मानाने सोपा गेला. दिल्लीच्या पहिल्या डावात गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी ती फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी घेतली होती, तीही १९७२-७३ मध्ये. वाडकरने पहिलेवहिले शतक, १३३ धावा, नेमके अंतिम सामन्यात काढले. १ जानेवारी २०१८ला विदर्भ नऊ गडी राखून विजेता ठरला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. त्या सामन्यात डावखुऱ्या आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले, आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली.

आता आवक-जावकीकडे वळतो, कारण यंदाचा सगळा अंदाज तिच्यावर उभा आहे. गुरबानीच्या त्या हॅट्ट्रिकचा तिसरा बळी होता ध्रुव शोरी. त्याच डावात त्याने १४५ धावा केल्या होत्या. पुढे तोच शोरी विदर्भात आला. ईडनवर आपल्याविरुद्ध १५३ करणारा करुण नायरही विदर्भात आला. उलट आपला सरवटे केरळला गेला. यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा, अमरावतीचा, बडोद्याला गेला. फेब्रुवारी-मार्च २०२५चा अंतिम सामना जामठ्यावर विदर्भ आणि केरळ यांच्यात झाला, तेव्हा केरळच्या डावात ७९ धावा करून आपल्याला घाम फोडणारा फलंदाज सरवटेच होता. ज्याच्यासाठी २०१९ला टाळ्या वाजवल्या, त्याच्या विकेटची वाट पाहत त्याच मैदानाकडे डोळे लावून बसावे लागले. मला त्याचा राग आला नाही. व्यावसायिक खेळाडू संधी बघतो, आणि त्याने ती बघावी. पण संघटनेने आपला हिशेब मांडलाच पाहिजे. बाहेरून येणारा माणूस किती धावा करतो यापेक्षा, तो गेल्यावर त्याच्या जागी घरचा कोण उभा राहतो, हा खरा प्रश्न आहे.

गेल्या मोसमात, २०२४-२५ मध्ये, विदर्भ एकही सामना न हरता विजेता झाला. करुण नायरचे योगदान कोणी नाकारू नये. उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूविरुद्ध शतक, अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. शिवाय विजय हजारे स्पर्धेत ७७९ धावा. याच कामगिरीमुळे त्याला कसोटी संघाचे दार पुन्हा उघडले. पण धावफलक नीट वाचला तर दिसते की डोलारा घरच्या पोरांनी सांभाळला होता. अंतिम सामन्याच्या पहिल्या सकाळी विदर्भ ३ बाद २४ होता. तिथून नायरसोबत २१५ धावांची भागी रचली नागपूरच्या दानिश मालेवारने, आणि त्याच्या धावा होत्या १५३. त्याचा तो पहिलाच रणजी मोसम होता. यश राठोडने मोसमात ९६० धावा केल्या. देशात त्याच्यापुढे कोणी नव्हते. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात त्याच्याच १५१ धावांनी सामना आपल्याकडे आणला. त्याच सामन्यात पार्थ रेखडे या डावखुऱ्या फिरकीपटूने एका षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना माघारी पाठवले. आणि हर्ष दुबे: ६९ बळी. रणजीच्या एका मोसमात इतके बळी कोणी घेतले नव्हते. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८चा.

केरळविरुद्धचा तो अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक उचलला. यावरून बाहेरचे लोक नाक मुरडतात. अनिर्णित सामन्यात विजेता कसला, असे विचारतात. माझे मत ठाम आहे: पाच दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावाची आघाडी ही कमाई आहे, कोणी केलेली मेहरबानी नव्हे. केरळ तिथवर कसे पोचले ते आठवा. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरच्या २८० ला त्यांनी २८१ केल्या. एक धाव. शेवटच्या जोडीने ८१ धावा जोडल्या तेव्हा ती एक धाव हाती आली. उपांत्य फेरीत गुजरातच्या ४५५ विरुद्ध ४५७. सरवटेच्या गोलंदाजीवर नागवासवालाने मारलेला फटका जवळ उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि सचिन बेबीच्या हातात गेला; दोन धावांची आघाडी. या धावांसाठी माणसे दोन-दोन दिवस उन्हात उभी राहतात. चार तासांत निकाल लावणाऱ्या खेळाची सवय झालेल्या डोळ्यांना हे दिसत नाही, एवढेच.

आता यंदाचे अंदाज. पानठेल्यावर, बँकेच्या रांगेत, गाडीची वाट बघताना जे बोलले जाते त्यातून गाळून, आणि माझे स्वतःचे मिळवून मांडतो.

विदर्भ अ गटात आहे. सोबत तमिळनाडू, उत्तर प्रदेश, बडोदा, आंध्र, झारखंड, ओडिशा आणि नागालँड. प्रत्येक संघाचे सात साखळी सामने, गटातले पहिले दोन पुढे. पाच सामने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, मग पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा, आणि उरलेले दोन जानेवारीच्या अखेरीस. या मधल्या खंडात बरेच संघ विस्कटतात: कोणी जखमी होतो, कोणी आयपीएलच्या नजरेत येण्यासाठी वेगळाच खेळ करू लागतो. विदर्भाने पहिल्या पाचांतच चार सामने निकाली जिंकावेत असे मला वाटते. निकाली विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास एक जादा. पहिल्या डावाच्या आघाडीला तीनच. विदर्भ गटात पहिला येईल. दुसऱ्या जागेसाठी तमिळनाडू आणि बडोदा भांडतील, आणि मला आंध्रचाही धोका दिसतो, कारण विशाखापट्टणम-विजयनगरमकडे त्यांना हरवणे सोपे नसते.

फलंदाजीत तायडे आणि अमन मोखाडे यांनी नवा चेंडू जुना करावा. शोरीचा अनुभव वरच्या फळीत असावाच. तिसऱ्या क्रमांकावर मालेवार. ऑगस्टमध्ये दुलीप करंडकात मध्य विभागाकडून त्याने द्विशतक केले, तेव्हा त्याच्या जागेवरून वाद घालायला काही उरले नाही. चौथ्या क्रमांकाचे काय? नायरची ती जागा. काहींचे म्हणणे, बाहेरून आणखी एखादा अनुभवी माणूस आणावा. मी याच्या विरोधात आहे. ती जागा यश राठोडला द्या. पाचव्या क्रमांकावर त्याने ९६० धावा केल्या, दुलीपच्या अंतिम सामन्यात दक्षिण विभागाविरुद्ध १९४ काढल्या, इराणीत ९१. याहून अधिक पुरावा कोणता हवा? पाचव्यावर वाडकर येईल, खाली दुबे आणि दर्शन नळकांडे आहेत. गेल्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात नळकांडे नाबाद ५१ होता. शेपटीत असा फलंदाज असला की कर्णधाराची झोप शाबूत राहते.

गोलंदाजीत माझा अंदाज काहींना आवडणार नाही. हर्ष दुबे यंदा ६९ घेणार नाही. त्याच्या चेंडूत खोट नाही. त्याला भारत ‘अ’ संघाची बोलावणी येतील, आणि यावीतच. सगळे सामने तो खेळेल असे धरून संघ बांधला तर फसगत होईल. तो चाळिशीत राहील, आणि उरलेला भार पार्थ रेखडेने उचलावा. यश ठाकूर, नळकांडे, आदित्य ठाकरे, नचिकेत भुते अशी वेगवान फळी आज दुसऱ्या कोणत्या संघाकडे आहे, हे मोजून बघा. मुंबई सोडली तर फार नावे निघणार नाहीत.

इतर गटांतून पुढे कोण? मुंबई येईलच. रहाणेने नेतृत्व सोडले आहे, शार्दूल ठाकूर नवा कर्णधार आहे, पण त्या संघाची सवय कर्णधारावर अवलंबून नाही. कर्नाटक येईल, करुण नायर घरी परतला आहे आणि आठ वेळचे विजेते बरीच वर्षे करंडकाविना आहेत. सौराष्ट्राला मी बाद फेरीपर्यंत धरतो, त्यापुढे नाही. आणि ज्या संघाकडे वर्तमानपत्रे बघत नाहीत, त्याच्याकडे बघा: जम्मू-काश्मीर. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, श्रेयस अय्यर खेळत असलेल्या मुंबईला त्यांनी मुंबईतच हरवले. त्यांच्या आकिब नबीने गेल्या मोसमात ४४ बळी घेतले आणि ऑगस्टमध्ये दुलीप करंडकात चार चेंडूंत चार बळी घेतले. एका धावेने उपांत्य फेरी हुकलेला संघ पुढच्या वर्षी काय करतो, हे मुंबईकडून १६९ धावांनी हरून परतलेल्या विदर्भाने नुकतेच दाखवले आहे. माझ्या मते उपांत्य फेरीतले चार संघ असे: विदर्भ, मुंबई, कर्नाटक, जम्मू-काश्मीर. अंतिम सामना विदर्भ आणि कर्नाटक. करुण नायर एका बाजूला, हर्ष दुबे दुसऱ्या. करंडक पुन्हा विदर्भाकडे.

भाबडा अभिमान म्हणून मी हे लिहीत नाही. गेल्या आठ मोसमांत विदर्भ चार वेळा अंतिम फेरीत पोचला आणि तीनदा जिंकला. तीनही वेळा कप्तान घरचा. इंदूरच्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा नवखा वाडकर आज कर्णधार आहे, आणि प्रशिक्षक उस्मान गनी इथल्याच मातीतले. विदर्भ क्रिकेट संघटनेने अकादमी उभारून मुले लहानपणापासून हाताखाली घेतली, त्याचे हे पीक आहे. एखादा मोठा खेळाडू गेला तरी संघ उभा राहतो, तो यामुळे.

पण हे पीक कुठल्या शिवारातून येते, हेही बघायला हवे. नागपूर तर आहेच. तायडे आणि आदित्य ठाकरे अकोल्याचे. जितेश अमरावतीचा. दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा अक्षय कर्णेवार यवतमाळ जिल्ह्यातला. पश्चिम विदर्भाने नागपूरला पोरे दिली, कारण तिथे जुनी मैदाने आहेत, क्लब आहेत, चामड्याच्या चेंडूवर घडवणारे गुरू आहेत. वैनगंगेच्या अलीकडे, आमच्या झाडीपट्टीत, पोरे टेनिस बॉलवर खेळतात. धान निघाल्यावर बांधीचे धुरे सपाट करून खेळपट्टी होते, दोन-तीन महिने खेळ चालतो, आणि मग सगळे संपते. ताकदीची पोरे इथे आहेत. गोंडी, पोवारी, छत्तीसगढी बोलणारी, शेतात राबलेली, डोंगर चढणारी पोरे. त्यांचा दम आणि खांदा बघितला की वेगवान गोलंदाजीसाठी आणखी काय लागते असा प्रश्न पडतो. लागतो तो चामड्याचा चेंडू, मॅटिंगची खेळपट्टी आणि चुकले ते सांगणारा कोणीतरी.

हे अशक्य नाही, याचा पुरावा विदर्भाकडेच आहे. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विशी गाठेपर्यंत तो टेनिस बॉलच टाकत होता. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११च्या नोव्हेंबरात दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीत उतरला. कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू. टेनिस बॉल टाकणारा खांदा कुणाच्या तरी नजरेला पडला, म्हणून भारताला एक वेगवान गोलंदाज मिळाला. वलनी नागपूरच्या जवळ होती. सालेकसा लांब आहे. तिथली नजर इथवर पोचवायची असेल तर कोणीतरी मुद्दाम यावे लागेल.

म्हणून विदर्भ क्रिकेट संघटनेला माझी विनंती आहे. डिसेंबर-जानेवारीत, पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा चालू असताना, आपले दोन गोलंदाजी प्रशिक्षक झाडीपट्टीत पाठवा. आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव. प्रत्येक ठिकाणी आठवडाभर थांबू द्या, मॅटिंग सोबत आणा, मंडईतले टेनिस बॉलचे सामने बघा आणि पंधरा ते अठरा वयाची वेगवान पोरे निवडून नागपूरला उन्हाळी शिबिराला न्या. राहण्याखाण्याचा भार गावे वाटून घेतील. मंडईसाठी वर्गणी काढणारी गावे आहेत ही. आणि वाचकांना सांगणे एवढेच, की फेब्रुवारीत बाद फेरीचा सामना नागपूरला आला तर एक दिवस काढा, पोरांना घेऊन पहाटेची गाडी धरा आणि जामठ्याच्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसा.